जुना प्रोसेसर आणि घरातील दोन पक्ष

गेल्या महिन्याच्या टपालात मीरा रोड येथील एका सद्गृहस्थांचे पत्र आले. त्यांच्या घरी तीन पिढ्या एकत्र नांदतात, आणि इतक्या माणसांत मिळून मोठा संगणक एकच आहे. तो २०१२ साली थोरल्या चिरंजीवांच्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणाकरिता घेतला होता. पुढे चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी गेले आणि संगणक वारसाहक्काने धाकट्या पुतण्याकडे आला. पुतण्यास संगणकावरील खेळांची मोठी हौस. यंत्र मागे पडू लागले तेव्हा त्याने नव्याचा हट्ट न धरता स्वतःच खटपट केली, त्यातील प्रोसेसर कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाहून पुष्कळ अधिक वेगाने चालविला, आणि अशा रीतीने तीन-चार वर्षे काढली. आता मात्र तो म्हणतो की, ह्यापुढे ताणण्यात अर्थ नाही. नवे सामान घेतलेच पाहिजे, आणि त्यास साठ-सत्तर हजार रुपये लागतील. पत्रलेखक काकांचे म्हणणे, "चालतो आहे ना? मग बदलावयाचा कशासाठी?" आजोबांचे मत काकांकडे, वहिनींचे मत मुलाकडे, आणि रात्रीची जेवणे हल्ली ह्याच विषयावर थंड होतात. आम्ही निवाडा द्यावा अशी विनंती आहे.

घरगुती खटल्यांत बाहेरच्याने पडू नये, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु हा प्रश्न एका घरचा नव्हे. भाईंदरच्या खाडीच्या ह्या तीरावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईतील जी असंख्य बिऱ्हाडे येऊन वसली, त्यांतील पुष्कळ घरांत असे एखादे दहा-बारा वर्षांचे यंत्र खिडकीशी मांडलेले असते आणि कोणी एक तरुण त्यास चाबूक मारून पळवीत असतो. तेव्हा कोणाचा पक्ष घेण्यापूर्वी मूळ वस्तूच नीट पाहावी, हे बरे.

पत्रात प्रोसेसरचे नाव दिले आहे, त्यामुळे आमचे काम पुष्कळ सोपे झाले. तो इंटेल कंपनीचा कोअर आय-५ २५००के होय. हा जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. त्यात चार गाभे असून नेमून दिलेला वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे. काम अडले म्हणजे तो आपण होऊन ३.७ पर्यंत चढतो. नावाच्या शेवटचे 'के' हे अक्षर दिसावयास लहान, पण साऱ्या प्रकरणाचे मूळ तेच. यंत्राचा मूळ ठेका १०० मेगाहर्ट्झचा. त्यास ३३ ने गुणिले की ३.३ गिगाहर्ट्झ होतात. इतर प्रोसेसरांत हा गुणक कुलूपबंद असतो, 'के' जातीच्या प्रोसेसरांत तो मोकळा ठेवलेला असतो. पुतण्याने ३३ च्या जागी ४५ घातले. मुले ज्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, त्या विद्येचा मंत्र एवढाच.

ही विद्या नवीनही नव्हे. १९९८ साली इंटेलचाच सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातील प्रोसेसर निघाला होता. त्याचा मूळ ठेका ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा तो तुकडा पुष्कळदा ४५० ने धावे आणि कितीतरी महाग अशा पेंटियम-२ च्या पंक्तीस जाऊन बसे. हे कसे घडते? कारखान्यात एकाच साच्यातून निघालेले तुकडे सारखे नसतात. कोणता किती धावतो हे तपासून त्यांस वेग नेमून देतात, आणि तो नेमताना उन्हाळा, धूळ, कमअधिक होणारी वीज व पुढे येणारे वार्धक्य ह्यांकरिता काही अंतर राखून ठेवतात. ओव्हरक्लॉक करणारा हे राखलेले अंतर खर्ची घालतो. त्यास वाटते, आपणांस फुकट मिळाले. वस्तुतः त्याने आपल्याच नावची ठेव मुदतीआधी मोडलेली असते. २५००के मध्ये ही ठेव विलक्षण मोठी होती आणि म्हणूनच तो जगभर इतका नावाजला गेला. पुतण्याने ती मोडली ह्यात त्याचे काही चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. नवे घेण्याचे तीन-चार वर्षे लांबले, ही त्याचीच कमाई आहे, आणि काकांनी ती जमेच्या बाजूस मांडली पाहिजे.

परंतु खर्चाची बाजूही मांडू. वेग वाढवावयाचा तर व्होल्टेज वाढवावे लागते. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. समजा, ३.३ चे ४.५ गिगाहर्ट्झ केले आणि त्यासाठी १.२ चे १.३५ व्होल्ट करावे लागले. वेग वाढला शेकडा ३६; उष्णता झाली सुमारे पावणेदोनपट. शाळेत वर्ग शिकलेल्या कोणासही हा हिशेब कागदावर ताडून पाहता येईल. ह्याच हिशेबापुढे मोठमोठे कारखानेही नमले आहेत. पेंटियम-४ चा वेग वाढवीत वाढवीत ४ गिगाहर्ट्झला नेण्याचा बेत इंटेलने जाहीर केला होता. तो ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द करून कंपनीने एका तुकड्यात अनेक गाभे घालण्याचा मार्ग धरला.

आता ही पावणेदोनपट उष्णता जावयाची कोठे? पंखा कितीही मोठा लावला तरी तो प्रोसेसरला खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही. थंड देशांतील परीक्षक आपले आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून काढतात, आणि आमची मुले ते आकडे प्रमाण मानून मीरा रोडच्या मे महिन्यात, तेहेतीस-चौतीस अंशांच्या खोलीत, तोच प्रयोग करतात. म्हणजे दहा-बारा अंशांची सवड आपल्या हवेनेच आधी खाऊन टाकली. त्यात खाडीवरून व मिठागरांवरून येणारा खारा दमटपणा आणि चहूकडे चाललेल्या बांधकामांची धूळ. प्रोसेसर व त्यावरील पंखा ह्यांच्यामधील लेप चार-पाच वर्षांत वाळून जातो, तो वेगळाच. ह्या बाह्य व्याधींवर तरी उपाय आहे: पंखा झाडून पुसून नवा लेप लावला तर काही शे रुपयांत यंत्र पुष्कळ शांत होते, आणि नवीन घेण्याची भाषा करण्यापूर्वी हे करावेच. आतल्या व्याधीवर मात्र उपाय नाही. उष्णता व वाढीव व्होल्टेज ह्यांच्या योगाने तुकड्यातील अतिसूक्ष्म धातूच्या तारांतील कण वर्षानुवर्षे तसूतसूने सरकत राहतात. मग पूर्वी ज्या व्होल्टेजवर ४.५ चा वेग सहज मिळे, त्याच व्होल्टेजवर प्रोसेसर अडखळू लागतो. ते आणखी वाढवावे तर झीजही वाढते. पत्रात लिहिले आहे की, ह्या उन्हाळ्यापासून महिन्यातून दोन-तीनदा यंत्रावर निळा पडदा येतो व ते आपोआप पुन्हा सुरू होते. काकांना ह्यात मुलाच्या खेळाचा दोष दिसतो. आमच्या मते हे वार्धक्याचे लक्षण असण्याचा संभव फार आहे.

आणि येथे पत्रातील एक वाक्य आम्ही दोनदा वाचले. काकांनी ते अगदी जाता जाता लिहिले आहे. ह्याच संगणकावर घरचा जमाखर्च आहे, जागेचे कागद आहेत, आणि आजोबांनी दोन वर्षे खपून स्कॅन करून घेतलेली त्यांच्या वडिलांची पत्रेही त्यातच आहेत. खेळाच्या वादात ह्या पत्रांची आठवण कोणासच राहिलेली दिसत नाही! ताणलेला प्रोसेसर चुकला म्हणजे प्रत्येक वेळी निळा पडदा येतोच, असे नाही. निळा पडदा ही कबूल केलेली चूक होय. कधी कधी एखादा आकडा चुकीचा मोजला जातो, तो तसाच डिस्कवर लिहिला जातो, आणि कोणासही कळत नाही. कळते ते दोन वर्षांनी, एखादे पान उघडावयास जावे आणि ते उघडू नये तेव्हा. म्हणून घ्यावयाचे की न घ्यावयाचे हा वाद बाजूस ठेवून, हा अंक हाती पडेल त्याच दिवशी दोन गोष्टी कराव्या, अशी आमची त्या घरास कळकळीची विनंती आहे. प्रथम पुतण्याने प्रोसेसर त्याच्या मूळ ३३ च्या गुणकावर आणावा. मग सर्व कागदांच्या दोन प्रती काढाव्या, त्यांपैकी एक घराबाहेर, थोरल्या चिरंजीवांकडे ठेवावी. आणि आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा माळ्यावर शिल्लक असेल तर तो रद्दीत घालू नये. ह्या कामास पैसा जवळजवळ लागत नाही.

त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहारही होत असतील, तर तेही थांबवावे. त्यावर विंडोज १० आहे, आणि मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. विंडोज ११ साठी कंपनीने प्रोसेसरांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत इंटेलची गणना मुख्यतः २०१७ सालच्या आठव्या पिढीपासून पुढे होते. २५००के हा दुसऱ्या पिढीतला. आडमार्गाने ती प्रणाली चढविणारे लोक आहेत, हे आम्ही जाणतो. पण ज्या यंत्रावर कुटुंबाचा पैसा फिरतो, त्याने आडमार्गाने जाऊ नये.

आता मुलाची बाजू. त्याचे गाऱ्हाणे केवळ "हळू चालतो" असे असते तर आम्ही त्यास सांगितले असते की, आधी मोजून दाखव. खेळातील दृश्य सेकंदास साठ वेळा बदलावयाचे तर प्रत्येक चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने कोण कोठे आहे, गोळी कोठे लागली, हा हिशेब करावयाचा आणि ग्राफिक कार्डाने चित्र रंगवावयाचे. दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या चालीने खेळ चालतो. दोषी कोण, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. खेळाच्या मांडणीत जाऊन चित्राचे रेझोल्यूशन कमी करावे. चित्रांची संख्या वाढली तर अडचण ग्राफिक कार्डाची होती; संख्या जेथल्या तेथे राहिली तर प्रोसेसरची. सरासरीकडे पाहून फसू नये. सरासरी साठ असूनही मधूनच खेळ अर्धा क्षण गोठत असेल, तर चार गाभे कामास अपुरे पडत आहेत असे समजावे. ह्याचे कारण असे की, २०१३ सालचे प्लेस्टेशन ४ व २०२० सालचे प्लेस्टेशन ५ ह्या दोन्ही खेळयंत्रांत आठ गाभ्यांचे प्रोसेसर आहेत, आणि हल्लीचे मोठे खेळ तेवढे हात कामास आहेत असे धरूनच रचले जातात. मूळ वेगावर व ताणलेल्या वेगावर अशा दोन्ही रीतींनी हे आकडे काढून पुतण्याने एका कागदावर घरच्या मंडळींपुढे ठेवावे. ज्या मुलाने गुणकाचे मर्म आपले आपण जाणून घेतले, त्यास हे जड नाही. आणि आकड्यांपुढे काकांसही आवाज चढविण्याचे कारण उरणार नाही.

तथापि, त्याचे खरे गाऱ्हाणे निराळेच आहे. मित्रांसमवेत जे नवे खेळ खेळावयाचे, त्यांतील काही सुरूच होत नाहीत. येथे वेगाचा प्रश्न संपतो. दारावरचा पहारेकरी आत सोडीत नसेल, तर पळत आल्याचा काय उपयोग? ऑक्टोबर २०२५ मध्ये निघालेल्या बॅटलफील्ड ६ ह्या खेळास टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था व सिक्युअर बूट ही दोन्ही सुरू असावी लागतात. व्हॅलोरंट हा लोकप्रिय खेळही विंडोज ११ वर हीच अट घालतो. २०११-१२ सालच्या मदरबोर्डांवर टीपीएम २.० असण्याची आशा करू नये. शिवाय काही नव्या खेळांस एव्हीएक्स-२ नावाच्या आज्ञांचा संच लागतो; तो इंटेलने २०१३ सालच्या चौथ्या पिढीपासून घातला, २५००के मध्ये तो नाहीच. गुणक ४५ करा की ५० करा, नसलेली आज्ञा त्यास समजणार नाही. "चालतो आहे ना?" ह्या काकांच्या प्रश्नास जमाखर्चापुरते उत्तर "होय" असे आहे, आणि पुतण्याच्या कामापुरते "नाही" असे. दोघेही आपापल्या ठिकाणी खरे बोलत आहेत.

काकांनी एक मधला मार्गही सुचविला आहे: त्याच मदरबोर्डावर बसणारा जुन्या बाजारातील एखादा मोठा प्रोसेसर घ्यावा. त्या बोर्डाचे बूड दोनच पिढ्यांचे, २०११ ची व २०१२ ची. त्यातला वरचा म्हणजे कोअर आय-७ ३७७०के. तो बसेल, गोठणे थोडे कमीही होईल. पण त्यालाही एव्हीएक्स-२ नाही, त्यालाही विंडोज ११ च्या यादीत स्थान नाही. एवढ्यासाठी पाच रुपये खर्चणेही आम्ही उधळपट्टी समजू. काकांच्या काटकसरीचा आम्हांस आदर आहे. पण अर्धवट दुरुस्ती ही पुष्कळदा दोनदा केलेली खरेदी असते.

तेव्हा घ्यावेच, असे आमचे मत आहे. मात्र साठ-सत्तर हजारांचे नव्हे. ग्राफिक कार्ड २०१९ साली घेतलेले आरटीएक्स २०६० आहे. ते अजून काही काळ काम देईल, त्यास हात लावू नये. प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम हे त्रिकूट बदलावे. येथे पुतण्याचा ओढा अगदी नव्या, डीडीआर-५ रॅमच्या घराण्याकडे आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी कारखान्यांचा माल उचलण्यास आरंभ केला. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी असलेला आपला क्रुशियल हा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. अशा दिवसांत अगदी नव्याचा मान राखणे महागात पडते. त्यापेक्षा एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा २०२२ सालचा, सहा गाभ्यांचा व डीडीआर-४ रॅमवर चालणारा प्रोसेसर आम्ही सुचवितो. त्याची नेमलेली उष्णता ६५ वॉट, २५००के ची ९५. म्हणजे उन्हाळ्यातही खोली तापणार नाही. डीडीआर-४ चे भावही चढले आहेत, तरी हे त्रिकूट मागितलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास बसविता येईल, असा आमचा अदमास आहे. एक खर्च मात्र त्यात मिळवावा. वीज देणारी पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, २०१२ चीच असेल तर ती बदलावी. म्हातारी पेटी जाताना कधी कधी नव्यासही बरोबर घेऊन जाते.

पुतण्याने हा नवा प्रोसेसर पुन्हा ताणावा काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यास आता नाइलाजाचेही कारण आहे. आजकाल कारखानेच आपला माल बहुतेक ताणून पाठवितात. ग्राहकाने मोडावी अशी ठेव फारशी शिल्लक नसते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर कोणी न ताणताच अडखळू लागले, तेव्हा ते नको इतके व्होल्टेज मागून घेत होते असे कंपनीने जुलै २०२४ मध्ये सांगितले, आणि पुढे त्यांची हमी दोन वर्षांनी वाढविली. तरुणांच्या एका निरुपद्रवी हौसेचा हा अस्त आहे, ह्याचे आम्हांस थोडे वाईट वाटते.

आजोबांचा आक्षेप निराळ्या जातीचा आहे. खेळापायी इतका पैसा का, असे त्यांचे म्हणणे. मुलाने किती तास खेळावे, हा विचार घरात अवश्य व्हावा; पण तो प्रोसेसरच्या आडून करू नये. यंत्र हळू झाले म्हणून कोणी अभ्यासास बसल्याचे आमच्या पाहण्यात नाही. उलट दोन तास खेळावयाचा मुलगा ते यंत्र जुळविण्यात आणखी दोन तास घालवितो. खर्चाच्या वाटणीविषयी आमची सूचना अशी की, कागदपत्रे व बँक ह्यांसाठी नीट यंत्र घरास हवेच आहे, म्हणून अर्धा खर्च घराने सोसावा. उरलेला पुतण्याने आपल्या शिकवणीच्या मिळकतीतून वर्षभरात फेडावा. वहिनींनी त्यास गुपचूप मदत करू नये.

खरेदीस लॅमिंग्टन रोडलाच जावे, म्हणजे ज्यास पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात तेथे; आणि काकांनी पुतण्याबरोबर स्वतः जावे. दुपारच्या जलद लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून चालत जाता येते; ग्रँट रोड स्टेशन जवळ पडते. चार दुकाने फिरून भाव विचारावा, पक्के बिल घ्यावे, आणि हमी प्रोसेसरची, बोर्डाची व रॅमची वेगवेगळी लिहून घ्यावी. वापरलेला प्रोसेसर घेण्याचा मोह झालाच, तर एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ह्या घराण्याच्या प्रोसेसरांच्या पोटाशी सुईसारख्या बारीक पिना असतात. त्यांतील एक जरी वाकली असेल तरी तो बोर्डात बसत नाही. पैसे मोजण्यापूर्वी तो उजेडात आडवा धरून काकांनी चष्मा लावून सर्व ओळी पाहाव्या, आणि परतताना संध्याकाळच्या विरार गाडीत तो नुसता पिशवीत न टाकता टणक डबीत घालून, डबी हातात धरून आणावी.